बागुलबुवा आणि खरा चोर

मूल जेवत नसेल, झोपत नसेल किंवा भर दुपारी उन्हात खेळायला निघाले असेल, तर त्याला ताळ्यावर आणण्याचा एक हुकमी उपाय आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ‘गप झोप, नाहीतर बागुलबुवा येईल.’ ‘बाहेर जाऊ नकोस, झोळीवाला धरून नेईल.’ कुठे नव्या पुलाचे काम निघाले, की त्याच्या पायात बळी देण्यासाठी मुले पळवतात, अशी आवई उठते. यांपैकी एकही धमकी लहानपणी ऐकली नाही, असा वाचक विरळाच. या धमक्यांनी मूल तेवढ्यापुरते गप्प बसते, हे खरे. परंतु उद्या खरोखरीच कोणी त्याला पळवून नेऊ लागला, तर त्या मुलाने नेमके काय करायचे, हे मात्र या बागुलबुवाने त्याला कधीच शिकवलेले नसते.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाचे सात दिवसांचे निवासी शिबिर जवळच्या एका गावी झाले. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक आणि त्यानंतर गावातील प्राथमिक शाळेत मुलांसाठी काही उपक्रम, असा आमचा दिनक्रम होता. नेमक्या त्याच सुमारास मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचा एक संदेश त्या पंचक्रोशीत मोबाइलवरून फिरत होता. आया धास्तावल्या होत्या, काहींनी तर मुलांना शाळेत पाठवणेच बंद केले होते. शाळेच्या मुख्याध्यापिका आम्हांला म्हणाल्या, “तुम्ही मानसशास्त्राची मुलं ना? मग गाण्या-गोष्टी राहू द्या थोड्या. या पोरांना स्वतःला कसं सांभाळायचं ते शिकवता येतंय का बघा.” मानसशास्त्र हा माझा विशेष विषय असल्याने हे काम माझ्याकडे आले. त्या निमित्ताने जे वाचले आणि मुलांबरोबर जे करून पाहिले, ते येथे मांडत आहे.

चोर चेहऱ्यावरून ओळखता येतो का?

पहिल्या दिवशी मी मुलांना पाटीवर ‘पोरं पळवणारा माणूस’ काढायला सांगितला. जवळजवळ सर्वांनी एकच चित्र काढले. वाढलेली दाढी, तांबडे डोळे, फाटके कपडे आणि पाठीवर मोठे पोते. आपल्या मनातले चित्र तरी याहून कितीसे निराळे असते?

या चित्राला छेद देणाऱ्या दोन घटना महाराष्ट्रातच घडलेल्या आहेत. अंजनाबाई गावित आणि तिच्या रेणुका व सीमा या दोन मुलींनी १९९० ते १९९६ या काळात पश्चिम महाराष्ट्रात आणि आसपासच्या भागांत अनेक लहान मुलांचे अपहरण केले व त्यांतील काहींचे खून केले. चोरी करताना पकडले गेलो, तर कडेवरच्या मुलाकडे बघून लोकांना दया यावी, यासाठी त्यांना ही मुले हवी होती. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ साली दोघी बहिणींना फाशीची शिक्षा सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने ती २००६ साली कायम केली आणि पुढे दयेच्या अर्जावरील निर्णयास झालेल्या विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये तिचे जन्मठेपेत रूपांतर केले. हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच, की यात दाढीवाला नाही, पोते नाही, तांबडे डोळे नाहीत. गर्दीत मूल घेऊन हिंडणाऱ्या चारचौघींसारख्या त्या बायका होत्या. आईने बागुलबुवाचे भय घातलेले मूल अशा बाईला कशाला भ्यायले असते?

दुसरी घटना याच्या अगदी उलट आहे. १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी पाच माणसांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. ती माणसे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाची होती. गावोगाव फिरून भिक्षा मागणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. त्या आधी मोबाइलवरून टोळीच्या अफवा पसरल्या होत्या आणि ही माणसे त्या अफवेतल्या चित्रासारखी दिसत होती, एवढाच त्यांचा अपराध!

या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, की आपल्या बागुलबुवाचे खरे स्वरूप ध्यानात येते. तो मुलांना वाचवत तर नाहीच, उलट निरपराधांचा जीव घेतो. चोर चेहऱ्यावरून, कपड्यांवरून किंवा जातीवरून ओळखता येत नाही. ओळखता येते ती त्याची वागणूक, आणि मुलाला ओळखायला शिकवायची तीही वागणूकच.

मग ‘अनोळखी माणसाबरोबर जाऊ नकोस’ हे तरी पुरेसे आहे ना, असे कोणी विचारील. तेही पुरेसे नाही. एक तर मुलाच्या लेखी ‘अनोळखी’ कोण, हेच स्पष्ट नसते. दोनदा हसून बोलला, नाव सांगितले, गोळी दिली, की तो त्याच्या दृष्टीने ओळखीचा झाला. दुसरे असे, की मुलांना नेणाऱ्यांत शेजारचे, नात्यातले, रोज दारावरून जाणारे असे लोकही असतात. अमेरिकेत १९७९ आणि १९८१ साली दोन लहान मुलांच्या अपहरणांनी मोठी खळबळ उडाली. हरवलेल्या मुलांची छायाचित्रे दुधाच्या खोक्यांवर छापली जाऊ लागली आणि ‘अनोळखी म्हणजे धोका’ ही घोषणा तेथील शाळांतून घोकली गेली. हरवलेल्या व शोषित मुलांसाठी १९८४ साली तेथे जी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तिने पुढे अनुभवांती ही घोषणा बाजूला ठेवली. माणसे ओळखायला नव्हे, तर प्रसंग ओळखायला शिकवा, असे ती संस्था आता सांगते. अपहरणाच्या फसलेल्या प्रयत्नांच्या ज्या नोंदी तिने गोळा केल्या, त्यांतून एक आशादायक गोष्ट पुढे आली. सुटलेल्या मुलांपैकी बहुतेक मुले स्वतःच्या कृतीमुळे सुटली होती. कोणी सरळ चालते झाले, कोणी पळाले, कोणी ओरडले, कोणी हात हिसडला. मूल लहान असले, तरी अगदीच असहाय नसते!

माहीत असणे आणि करता येणे

दुसऱ्या दिवशीचा एक प्रसंग माझ्या मनावर कोरला गेला आहे. आमच्या पथकातील एक मित्र मुलांनी तोवर पाहिलेला नव्हता. मुख्याध्यापिकांची आणि पालकांची परवानगी घेऊन, मी जवळच उभी असताना, तो खेळाच्या तासाला तिसरीतल्या एका चुणचुणीत मुलीजवळ गेला आणि म्हणाला, “अगं, तुझ्या आईला दवाखान्यात नेलंय. तुला बोलावलंय. चल लवकर.” ती मुलगी क्षणभर थबकली. “अनोळखी माणसांबरोबर जाऊ नये, असं बाईंनी सांगितलंय,” हे वाक्य तिने पाढा म्हणावा तसे म्हटले आणि ते म्हणता म्हणताच आपला हात त्याच्या हातात दिला!

नियम तिला तोंडपाठ होता. पण आईचे नाव निघताच पाय आपोआप चालू लागले. उत्तर ठाऊक असणे आणि ऐन वेळी ते अंगातून बाहेर पडणे यांत केवढे अंतर आहे, हे मला त्या दिवशी दिसले.

मानसशास्त्रज्ञांनी हे अंतर पूर्वीच ओळखलेले आहे. अमेरिकेत १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बालवाडीतील तीन मुलांना अशा प्रलोभनांपासून सुटायला शिकवण्यात आले. प्रलोभने तीन प्रकारची होती. पहिले साधे : ‘चल, फिरायला येतोस का?’ दुसरे अधिकाराचे : ‘तुझ्या बाईंनीच तुला माझ्याबरोबर यायला सांगितलंय.’ तिसरे आमिषाचे : ‘माझ्या गाडीत तुझ्यासाठी एक गंमत आहे.’ शिकवण्यापूर्वी ती मुले अशा बोलण्याला सहज भुलत होती. त्यांना एकच वाक्य आणि एकच कृती शिकवली. ‘नाही, मला आधी बाईंना विचारायचंय,’ असे म्हणायचे आणि लगेच बाईंकडे धावत सुटायचे. पण हे नुसते सांगितले नाही. आधी करून दाखवले, मग मुलांकडून पुनःपुन्हा करवून घेतले, जमले की शाबासकी दिली आणि चुकले की पुन्हा करायला लावले. १९८८ साली त्याच दिशेने झालेल्या दुसऱ्या अभ्यासात मुलांचे गट पाडून तुलना केली गेली. ज्यांना काहीच शिकवले नव्हते, त्यांतील बहुसंख्य मुले परक्या माणसाबरोबर लगेच निघाली. ज्यांना सुरक्षिततेवरचे नेहमीचे व्याख्यान दिले होते, त्यांची प्रगती बेताचीच होती. ज्यांनी चित्रफीत पाहून शिवाय प्रत्यक्ष सराव केला, ती मुले सर्वांत पुढे होती.

यात आश्चर्य वाटण्यासारखे तरी काय आहे? विहिरीच्या काठावर बसून पोहण्याचे नियम पाठ केले, म्हणून कोणी पोहायला शिकत नाही. सांगणे, करून दाखवणे, करवून घेणे आणि चुकले तेथे दुरुस्त करणे या चार पायऱ्या स्वयंपाकापासून सायकलपर्यंत आपण सर्वत्र वापरतो. मुलांच्या सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र पहिल्याच पायरीवर थांबतो.

काय शिकवावे?

आम्ही पाच दिवसांत मुलांकडून जे करवून घेतले, त्याचा क्रम पुढे देत आहे. पाच ते दहा वर्षांच्या मुलांना एवढे सहज जमते.

पहिली गोष्ट, विचारल्याशिवाय नाही. कोणीही, मग तो ओळखीचा असो वा नसो, ‘चल’ म्हणाला, काही देऊ लागला किंवा मदत मागू लागला, तर मुलाने आधी घरी किंवा बाईंना विचारायचे. मदत मागण्याची युक्ती विशेष फसवी असते. ‘माझं कुत्र्याचं पिल्लू हरवलंय, शोधायला येतेस?’ असे म्हटल्यावर कोणत्या मुलाचे मन द्रवणार नाही? म्हणून मुलांना एक साधी गोष्ट सांगावी : ज्या मोठ्या माणसाला खरीच मदत हवी असते, तो मोठ्या माणसाकडेच जातो.

दुसरी गोष्ट अंतराची. जवळ बोलावणाऱ्यापासून किती लांब उभे राहायचे, हे मीटरमध्ये सांगून मुलांना कळत नाही. त्यांना शिवाशिवीच्या भाषेत सांगितले, की झटकन कळते. ज्याच्यावर राज्य आहे, त्याचा हात पोहोचू नये इतके लांब! तो एक पाऊल पुढे आला, की आपण दोन पावले मागे. मोटारीतून किंवा मोटारसायकलवरून कोणी पत्ता विचारू लागला, तर जवळ जायचेच नाही. पळायचे झाल्यास गाडीचे तोंड जिकडे असेल त्याच्या उलट दिशेला पळायचे, म्हणजे गाडी वळवण्यात त्याचा वेळ जातो.

तिसरी गोष्ट ओरडण्याची. रस्त्यात रडणारे, हातपाय झाडणारे मूल आणि त्याला ओढून नेणारा मोठा माणूस हे दृश्य आपण नेहमी पाहतो. ‘हट्ट करत असेल’ असे म्हणून पुढे जातो. म्हणून नुसते रडणे किंवा किंचाळणे पुरेसे नाही. लोकांचा गैरसमज दूर होईल असे शब्द ओरडावे लागतात : “हे माझे बाबा नाहीत! मला पळवतायत! सोडा मला!” बाई असेल, तर “ही माझी आई नाही!” हे वाक्य आम्ही मैदानावर सर्वांकडून मोठ्याने म्हणवून घेतले. मुलांनी पहिल्याच दमात शाळा डोक्यावर घेतली. मुलींचा आवाज मात्र निघेना. ‘मुलीच्या जातीनं हळू बोलावं’ हे संस्कार वयाच्या सातव्या वर्षीच गळ्यात येऊन बसले होते. तिसऱ्या दिवशी त्यांचा आवाज मोकळा झाला, तेव्हा पलीकडच्या घरातल्या आजीबाई काठी टेकत बघायला आल्या, “काय झालं गं पोरींनो?” त्या आजींना आम्ही सांगितले, की आजी, तुम्ही आलात, याच साठी हा सगळा खटाटोप!

चौथी गोष्ट, कोणी धरलेच तर. येथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. आठ वर्षांचे मूल मोठ्या माणसाशी कुस्ती जिंकू शकत नाही आणि तसा भ्रम त्याला देऊही नये. त्याला जिंकायचे नसते. निसटायचे असते आणि गाडीत न चढता चार क्षण काढायचे असतात. मनगट धरले असेल, तर धरणाऱ्याच्या अंगठ्याची बाजू कच्ची असते. त्या बाजूने मनगट फिरवून जोराने हिसका द्यायचा. दप्तर धरले असेल, तर दप्तर सोडून पळायचे. नवे दप्तर टाकले म्हणून घरी मार बसणार नाही, हे आईने आधीच सांगून ठेवले पाहिजे. उचलू लागला, तर अंग ढिले सोडून खाली बसायचे, खांबाला, सायकलला किंवा शेजारच्या माणसाच्या पायाला मिठी मारायची. मिठी मारलेले मूल उचलून नेणे फार अवघड असते. चावणे, लाथा मारणे, बोचकारणे हे सर्व त्या वेळी क्षम्य आहे.

पाचवी गोष्ट, पळून कोठे जायचे? जत्रेत, एस.टी. स्टँडवर, बाजारात चुकामूक झाली, तर होता त्याच ठिकाणी किंवा जवळच्या दुकानाशी थांबायचे. दुकानात बसलेला दुकानदार, गणवेशातला कंडक्टर, पोलीस, चौकशीच्या खिडकीतला माणूस यांच्याकडे जायचे. येथे मुलांनी मला एक चांगला प्रश्न विचारला : “ताई, तेही अनोळखीच ना?” खरे आहे. फरक असा, की आपण होऊन निवडलेला माणूस वेगळा आणि आपल्याला निवडून आलेला माणूस वेगळा. गर्दीतून मुलाने निवडलेला माणूस बहुधा भलाच निघतो. मुलाला हेरून जो स्वतः जवळ येतो, त्याच्याबद्दल सावध राहायचे. आणि मदत करणारा कितीही भला असला, तरी त्याच्याबरोबर दुसरीकडे जायचे नाही. त्याला तेथूनच फोन करायला सांगायचे.

त्यासाठी फोन क्रमांक पाठ हवा. सर्व क्रमांक मोबाइलमध्येच साठवलेले असल्याने आजकाल मोठ्यांनाही ते आठवत नाहीत. आम्ही ‘बे एके बे’च्या चालीवर प्रत्येकाकडून आईचा किंवा वडिलांचा क्रमांक म्हणवून घेतला. शिवाय स्वतःचे पूर्ण नाव, गाव, तालुका. ‘माझ्या आईचं नाव आई’ असे उत्तर देणारी मुलेही होती!

सहावी गोष्ट खुणेच्या शब्दाची. आईवडिलांनी कधी खरोखरीच दुसऱ्या कोणाला न्यायला पाठवले, तर त्याने घरात ठरलेला एक गुप्त शब्द सांगितला पाहिजे. शब्द नाही, तर जाणे नाही. हा प्रकार मुलांना फारच आवडला. एका पठ्ठ्याने आपला शब्द मोठ्या अभिमानाने साऱ्या वर्गाला सांगून टाकला आणि त्याच्या आईला त्याच संध्याकाळी नवा शब्द ठरवावा लागला.

सातवी आणि शेवटची गोष्ट, घरी सांगणे. ‘ही आपली दोघांची गंमत, आईला सांगू नकोस,’ असे जो मोठा माणूस म्हणतो, त्याची गोष्ट आईला सर्वांत आधी सांगायची. मूल सांगायला आले, तर ‘तू तिकडे गेलासच कशाला?’ हा प्रश्न मोठ्यांनी गिळला पाहिजे. एकदा ओरडा खाल्लेले मूल दुसऱ्यांदा सांगायला येत नाही. आणि एखादे मूल सुटू शकले नाही, ओरडू शकले नाही, भीतीने गोठून गेले, तरी दोष त्याचा नसतो, हेही त्याला आणि आपल्याला पक्के ठाऊक असले पाहिजे.

ही पोरे उद्धट होतील काय?

चौथ्या दिवशी पालकांची सभा झाली. मागे बसलेली एक आई उठून म्हणाली, “ताई, तुमचं समदं खरं. पर मोठ्यांचं ऐकायचं न्हाई, नाही म्हनायचं, आरडायचं, हे शिकवलंत तर उद्या ही पोरं आमच्याच डोक्यावर बसतील की!” सभेत हशा पिकला. पण मला वाटते, या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न त्या माउलीनेच विचारला होता.

आपण मुलांना लहानपणापासून काय शिकवतो? मोठ्यांना उलट उत्तर देऊ नये, पाहुण्यांनी जवळ घेतले तर अंग चोरू नये, काकांनी खाऊ दिला तर नाही म्हणू नये, चारचौघांत आवाज चढवू नये. हे संस्कार वाईट नाहीत. पण जरा उलट बाजूने विचार करा. मूल पळवणाऱ्याला कसे मूल हवे असते? अगदी असेच! त्याला सुरा-पिस्तुलाची गरज बहुधा पडतच नाही. आपण मुलाच्या अंगी बाणवलेला आज्ञाधारकपणा हेच त्याचे शस्त्र असते.

म्हणून मी त्या आईला म्हटले, की मोठ्यांचा मान राखणे वेगळे आणि स्वतःला त्यांच्या स्वाधीन करणे वेगळे. ‘काका, मी आधी आईला विचारून येते,’ या वाक्यात उद्धटपणा कोठे आहे? जो भला माणूस आहे, त्याला या वाक्याचा राग येणार नाही. ज्याला राग येतो, त्याचीच भीती बाळगायची. आणि याचा आरंभ घरापासून व्हायला हवा. पाहुण्यांच्या मांडीवर बसायला मुलगी नको म्हणाली, तर तिला दटावून बसवू नये. घरात ज्याच्या ‘नाही’ला कधी किंमत मिळाली नाही, ते मूल रस्त्यावर ‘नाही’ कोठून म्हणणार? त्या बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आमाला बी लहानपनी कुनी ‘न्हाई’ म्हनू दिलं न्हाई, ताई.” या वाक्यावर सभेत हशा झाला नाही.

मोठ्यांची जबाबदारी

मुलांना सुटका शिकवायची, याचा अर्थ त्यांच्या रक्षणाचा भार त्यांच्याच खांद्यावर टाकायचा, असा मुळीच नाही. पहिली जबाबदारी मोठ्यांची आणि समाजाची आहे. कायदाही तेच सांगतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या १३७व्या कलमानुसार अठरा वर्षांखालील मुलाला पालकाच्या संमतीवाचून घेऊन जाणे किंवा फूस लावून नेणे हे अपहरण ठरते आणि त्यासाठी सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘मूल आपल्या खुशीने आले,’ हा बचाव तेथे चालत नाही. भीक मागायला लावण्यासाठी मूल पळवल्यास १३९व्या कलमाखाली किमान दहा वर्षे सक्तमजुरी आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

मूल हरवल्यावर चोवीस तास वाट पाहावी लागते, असा एक समज लोकांत रूढ आहे. तो साफ चुकीचा आहे. हरवलेल्या मुलाची तक्रार आली, की गुन्हा नोंदवून तपास सुरू केला पाहिजे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी दिलेला आहे. पहिले काही तास अतिशय मोलाचे असतात. मुलाचे अलीकडचे छायाचित्र आणि अंगावरच्या कपड्यांचे वर्णन हाताशी असले, तर तेवढा वेळ वाचतो. संकटातील मुलांसाठी १०९८ हा फोन क्रमांक आहे. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून १९९६ साली ही सेवा सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. हा क्रमांक मूल स्वतःही फिरवू शकते आणि त्याला पैसे पडत नाहीत. पोलिसांच्या तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक आम्ही शाळेच्या भिंतीवर मुलांच्या उंचीला, मोठ्या अक्षरांत रंगवले.

आणखी एक जबाबदारी आपल्यासारख्या सुशिक्षित तरुणांवर आहे. मोबाइलवर आलेला टोळीचा संदेश पुढे ढकलण्यापूर्वी पोलीस ठाण्यात एक फोन करून खात्री करून घेणे एवढे तरी आपण करू शकतो. संशय आला, तर पोलिसांना बोलवावे. हात उगारू नये. राईनपाड्याला जे पाच जीव गेले, त्यांच्या मागेही मुलेबाळे होतीच.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी माझ्या त्या मित्राने पुन्हा एकदा त्याच मुलीला गाठले. या खेपेस त्याने आईचे नाव तर घेतलेच, शिवाय खिशातून चॉकलेटही काढले. ती चटकन दोन पावले मागे सरली. “आधी बाईंना विचारते,” असे म्हणून वळली आणि जी धूम ठोकली, ती थेट वर्गात. धापा टाकत तिने बाईंना सगळे सांगितले. मग दारातून डोकावून त्याच्याकडे बघून हसलीही. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. शिवाशिवीत राज्य चुकवल्याचा आनंद होता. मुलांना सावध करायचे, पण जगाची धास्ती घालायची नाही, हे खेळामुळेच साधते, असे माझे मत झाले आहे.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी धाकटी भावंडे, भाचरे, पुतणे आहेत. या सुट्टीत घरी गेलात, की रोज दहा मिनिटे काढा. त्यांना नियम सांगत बसू नका. तुम्ही चोर व्हा, त्यांना पळू द्या, ओरडू द्या आणि तुमच्या हातातून मनगट सोडवून घेऊ द्या. घरातला फोन क्रमांक म्हणवून घ्या. खुणेचा शब्द ठरवा. प्राध्यापकांनाही विनंती, की अध्यापनाचा पेशा पत्करणारे आपले जे विद्यार्थी आहेत, त्यांच्या कानांवर हा विषय घालावा. यासाठी खर्च नाही, उपकरणे नाहीत, परवानगीची कागदपत्रे नाहीत. लागतो तो थोडा वेळ, मोकळे अंगण आणि मुलाचे ‘नाही’ ऐकून घेण्याची आपली तयारी.